जाब विचारण्याचा हक्क

३ ऑक्टोबर २००२ च्या सकाळी अमेरिकेत, मेरीलँड राज्यातल्या अस्पेन हिल इथं एक टॅक्सीचालक पेट्रोल भरायला पंपावर थांबला. वय चोपन्न. मूळचा पुण्याचा, तरुणपणीच तिकडे गेलेला. पेट्रोल भरता भरता लांबून कुठून तरी एक गोळी आली आणि तो कोसळला. त्याचं कुणाशी वैर नव्हतं. मारणाऱ्याला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. त्या महिन्यात राजधानी वॉशिंग्टनच्या आसपास दहा माणसं अशीच गेली. एक जण गवत कापत होता, एक बाई बाकावर बसली होती, दुसरी आपली गाडी आतून साफ करत होती. तीन आठवड्यांनी दोघं पकडले गेले, चाळिशीचा एक पुरुष आणि सतरा वर्षांचा मुलगा. जुन्या गाडीच्या डिकीला त्यांनी भोक पाडलं होतं आणि आत आडवं पडून नेम धरला जात होता.

गाडीत बुशमास्टर कंपनीची रायफल सापडली. तिचा माग काढत तपास गेला तो देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, टाकोमा शहरातल्या एका बंदुकीच्या दुकानात. रायफल तिथून नाहीशी झाली होती आणि ती नाहीशी झाल्याची खबर दुकानानं दिलेली नव्हती. दप्तर तपासलं तेव्हा तीन वर्षांत २३८ बंदुकांचा हिशेब लागेना. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात साखरेची दोन पोती कमी भरली तर संध्याकाळच्या आत गड्यांची झडती होते. इथं २३८ बंदुका गेल्या होत्या आणि दुकान सुरूच होतं, कंपनीचा मालही तिथं येतच होता.

मृतांच्या काही कुटुंबांनी दुकानावर आणि बुशमास्टरवर, दोघांवर दावा लावला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. असल्या गलथान दुकानाला रायफली पुरवत राहिलात, तर पुढे जे झालं त्यातला थोडा वाटा तुमचाही आहे. २००४ मध्ये तडजोड झाली. एकूण सुमारे पंचवीस लाख डॉलर ठरले. त्यातले वीस लाख दुकानानं दिले, उरलेले साधारण पाच लाख कंपनीनं. गुन्हेगाराच्या हातून झालेल्या हत्यांबद्दल बंदूक बनवणाऱ्या कंपनीनं पैसे मोजल्याची ती पहिलीच वेळ मानली जाते.

पुढच्याच वर्षी, २६ ऑक्टोबर २००५ रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एका कायद्यावर सही केली. बंदुकीचा गैरवापर तिसऱ्याच माणसानं केला असेल, तर ती बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर काही मोजके अपवाद सोडून दिवाणी दावा लावता येणार नाही, असं तो कायदा सांगतो. पंपावर गेलेल्या माणसाच्या निमित्तानं जो दरवाजा किलकिला झाला होता, तो वर्षभरात लोटून घेतला गेला. अमेरिकेतल्या बंदुकीच्या साऱ्या वादात मला सगळ्यात जास्त खुपतो तो हाच कायदा. आणि आपल्याकडे त्याविषयी जवळजवळ काहीच लिहिलं जात नाही.

अमेरिकेत एखादं हत्याकांड झालं की आपल्या वर्तमानपत्रांत तोच तो लेख येतो. दुसरी घटनादुरुस्ती, नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकवाल्यांच्या संघटनेची ताकद, हिंसेची संस्कृती, आणि शेवटी एक सुस्कारा. या लेखांचा सूर असा असतो की तिथल्या लोकांनाच बंदुकीचं वेड आहे, त्याला कोण काय करणार? मला हा सूर पटत नाही. कारण त्यात दोन निराळ्या गोष्टी एकाच दोरीनं बांधल्या जातात. एक आहे नागरिकाचा शस्त्र बाळगण्याचा हक्क. दुसरी आहे शस्त्र विकणाऱ्या कंपनीला मिळालेलं अभय. पहिली गोष्ट राज्यघटनेत आहे. दुसरीचा राज्यघटनेत शब्दही नाही. ती २००५ साली सिनेटमध्ये ६५ विरुद्ध ३१ मतांनी मंजूर झाली, आणि जे मतांनी आलं ते मतांनी काढताही येतं.

दुसऱ्या घटनादुरुस्तीबद्दल फार लिहीत नाही. १७९१ सालचं ते सत्तावीस इंग्रजी शब्दांचं एकच वाक्य आहे. सुरुवात सुव्यवस्थित नागरी सेनेच्या गरजेनं होते आणि शेवट लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कानं. त्या दोन टोकांचा संबंध काय, यावर दोनशे वर्षं खल झाला. २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की हा हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे आणि घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं त्यात येतं. २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात तो घराबाहेरही नेला गेला आणि न्यूयॉर्कचा १९१३ पासूनचा परवान्याचा नियम पडला. कुणाला हे निकाल चुकीचे वाटतात, कुणाला बरोबर. या लेखापुरते मी ते मान्य करून चालतो. शेताच्या कडेला एकटी राहणारी बाई, जिच्या घरी पोलिस यायला तास लागतो, तिनं बंदूक ठेवली तर तिला वेडी म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण हेलरचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्कॅलिया यांनीच त्यात नोंदवलं आहे की हा हक्क अमर्याद नाही, आणि शस्त्रांच्या व्यापारावर घातलेल्या अटींना या निकालानं बाधा येत नाही. त्यांच्यासारख्या कट्टर न्यायमूर्तींनाही व्यापार आणि हक्क यांत फरक दिसत होता.

मग हे अभय आलं कुठून? त्यासाठी १९९८ मध्ये जावं लागतं. त्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी ४६ राज्यांशी तडजोड केली आणि पंचवीस वर्षांत दोनशे अब्ज डॉलरहून जास्त रक्कम द्यायचं कबूल केलं. तंबाखूवाल्यांना पैशापेक्षा जास्त दुखलं ते त्यांचे कागद बाहेर आले म्हणून. धोका ठाऊक असून तो दडवल्याचे पुरावे त्यांच्याच कपाटांतून निघाले. तंबाखूविरुद्धचे ते खटले पाहून शहरांना वाटलं, बंदुकीच्या बाबतीतही असं का होऊ नये? इस्पितळाचा खर्च शहरानं करायचा, पोलिस शहरानं नेमायचे आणि नफा कंपनीनं खिशात घालायचा, हे कुठवर? न्यू ऑर्लिन्सनं दावा लावला, पाठोपाठ शिकागोनं, आणि बघता बघता तीसहून अधिक शहरं आणि परगणे न्यायालयात उभे राहिले.

त्यांच्या हातात एक आकडाही होता. शस्त्रांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्यानं २००० साली जाहीर केलं की गुन्ह्यांतल्या ज्या बंदुकांचा माग चालू दुकानांपर्यंत लागला, त्यांतल्या निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के, अवघ्या १.२ टक्के दुकानांमधून आलेल्या होत्या. या आकड्यापाशी थोडं थांबायला हवं. बहुतेक दुकानदार सचोटीनं धंदा करत होते. मुख्य खोट होती ती शंभरात एक-दोन ठिकाणी. आणि ती कुठे आहे हे कळण्याची सोय कंपन्यांकडे होती, कारण गुन्ह्यात बंदूक सापडली की तिच्या क्रमांकावरून पहिली विचारणा कंपनीकडेच होते: ही तुम्ही कुणाला विकली? पुन्हा पुन्हा त्याच दुकानाचं नाव सांगावं लागत असेल, तर त्या दुकानाला माल देणं बंद करायला कुणी अडवलं होतं? सारे परवानाधारक आपल्या लेखी सारखेच, असं म्हणत कानाडोळा करणं सोयीचं होतं. शहरांनी बोट ठेवलं ते या सोयीवर.

एका कंपनीनं मात्र हात पुढे केला. मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसननं क्लिंटन सरकारशी करार केला. प्रत्येक पिस्तुलाबरोबर कुलूप द्यायचं, फक्त मालकाच्याच हातात चालेल अशा पिस्तुलावर संशोधन करायचं, आणि जे दुकानदार गिऱ्हाइकाची पूर्वचौकशी नीट करतील त्यांनाच माल द्यायचा, अशा त्यातल्या मुख्य अटी होत्या. बंदुका जप्त करायच्या नव्हत्या की कुणाचा हक्क काढून घ्यायचा नव्हता. एका कारखानदारानं आपण होऊन आपल्या मालाची काळजी घ्यायचं कबूल केलं होतं. त्यावर काय व्हावं? रायफल असोसिएशननं याला शरणागती म्हटलं, गिऱ्हाइकांनी बहिष्कार घातला, विक्री कोसळली, कंपनीच्या प्रमुखाला जावं लागलं. दुसरी कुठलीही मोठी कंपनी त्या वाटेनं आली नाही. स्मिथ अँड वेसनच्या ब्रिटिश मालकांनी ती १९८७ मध्ये ११ कोटी २५ लाख डॉलरला घेतली होती. २००१ च्या मे महिन्यात दीड कोटी डॉलर आणि कर्जाचा बोजा घेणाऱ्याच्या गळ्यात, अशी ती विकून ते मोकळे झाले. करार कागदावरच राहिला.

या प्रसंगानं साऱ्या धंद्याला एक धडा मिळाला. सुधारलात तर मराल. आणि चार वर्षांनी कायद्यानं दुसरा धडा दिला, न सुधारलात तरी तुम्हाला कुणी विचारणार नाही. हे दोन धडे मिळालेल्या धंद्याकडून विवेकाची अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

या कायद्याच्या बाजूनं जे बोललं जातं ते पोकळ नाही, म्हणून त्याचं उत्तर द्यायला हवं. पहिला मुद्दा आपल्या म्हणीतच आहे, चोर सोडून संन्याशाला सुळी. दारू पिऊन कुणी गाडी ठोकली तर मोटार कंपनीवर दावा लावता का? सुरीनं खून झाला तर सुरी बनवणाऱ्याला धरता का? प्रश्न रास्त आहे. पण त्यात एक गोष्ट गाळलेली असते. मोटार कंपनीला असं केंद्रीय अभय नाही. तिच्यावर कुणीही दावा लावू शकतो, आणि दावा फुसका असेल तर न्यायाधीश रोजच्या कायद्यानं तो फेकून देतात. ब्रेकमध्ये, टाकीमध्ये, एअरबॅगमध्ये खोट निघाली की त्याच दाव्यांच्या धाकानं गाड्या परत बोलावल्या जातात. शिवाय गाडीवर सरकारी सुरक्षा मानकं आहेत. बंदुकीवर तीही नाहीत. अमेरिकेचा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेचा १९७२ चा कायदा बाळाच्या पाळण्यापासून शिडीपर्यंत सगळ्याला लागू आहे, बंदूक मात्र त्यातून मुद्दाम वगळलेली आहे. खेळण्यातल्या पिस्तुलाच्या तोंडाला नारिंगी टोपण सक्तीचं. खऱ्या पिस्तुलाची सदोष रचना बाजारातून परत बोलावण्याचा अधिकार कुठल्याही केंद्रीय खात्याला नाही. ज्या मालावर सरकारी देखरेख नाही, त्याच्या बाबतीत न्यायालय हा शेवटचा पहारेकरी उरतो. त्यालाच कायद्यानं घरी पाठवलं.

दुसरा मुद्दा असा की सदोष मालाचा अपवाद कायद्यात आहेच, तेव्हा खोट असेल तर दावा लावा. अपवाद आहे खरा, पण तोही आता पोखरला जातो आहे. सिग सावर ही कंपनी न्यू हॅम्पशायर राज्यात आहे. आपल्या लष्करानंही तिच्या रायफली घेतल्या आहेत. तिचं पी-३२० हे पिस्तूल चाप न ओढताच सुटतं, अशा तक्रारी कित्येकांनी केल्या, त्यांत पोलिसही होते. कंपनी हे मान्य करत नाही. २०२४ मध्ये दोन ज्यूरींनी जखमींच्या बाजूनं कौल दिला. २०२५ च्या मे महिन्यात न्यू हॅम्पशायरनं कायदा केला की बाहेरची खटकी किंवा तसली सुरक्षायंत्रणा बसवली नाही, एवढ्या कारणावरून बंदूक कंपनीवर दावा लावता येणार नाही. म्हणजे गुन्हेगाराच्या कृत्याबद्दल आम्हाला धरू नका इथून सुरुवात झाली होती, आणि गाडी आमच्या मालाच्या रचनेबद्दलही विचारू नका इथवर येऊन पोचली.

जैतापूरच्या वादाच्या काळात आपण हाच प्रश्न आपल्या भाषेत विचारला होता. २०१० च्या अणुदायित्व कायद्यात अपघात झाला तर यंत्रं पुरवणाऱ्याकडूनही वसुली करता येईल असं कलम घातलं गेलं, तेव्हा परदेशी कंपन्या केवढ्या बिथरल्या होत्या. भोपाळ ज्यांनी पाहिलं त्यांना ते कलम का हवं होतं, हे सांगावं लागत नव्हतं. ते राहावं की जावं यावर दोन मतं होती; २०२५ मध्ये संसदेनं तो कायदाच रद्द केला. पण पुरवठादाराला हिशेबातून बाहेर काढलं की भार सरकून मेलेल्यांच्या घरावर येतो, हे कोकणातल्या माणसाला कळत होतं.

अमेरिकेत तो भार अगदी उघडपणे मेलेल्यांच्या घरावर टाकला गेला. २० जुलै २०१२ रोजी कोलोरॅडोतल्या ऑरोरा इथं एका सिनेमागृहात बारा जण मारले गेले. मारेकऱ्यानं हजारो काडतुसं ऑनलाइन मागवली होती, विकणाऱ्यानं त्याला एक प्रश्नही विचारला नव्हता. मृतांतल्या एका मुलीच्या आई-वडिलांनी विकणाऱ्यांवर दावा लावला. त्यांनी भरपाई मागितली नव्हती. एवढा दारूगोळा विकताना गिऱ्हाईक कोण आहे ते बघा, इतकंच त्यांचं मागणं होतं. दावा फेटाळला गेला. आणि कोलोरॅडोच्या तेव्हाच्या कायद्यामुळे प्रतिवादींच्या वकिलांचा खर्च, दोन लाख डॉलरहून जास्त, त्यांच्या अंगावर पडला. मुलगी गेली आणि वर दिवाळखोरी जाहीर करायची वेळ आली. ती तरतूद कोलोरॅडोनं २०२३ मध्ये रद्द केली. तोपर्यंत दुसऱ्या किती आई-बापांनी ही गोष्ट ऐकून वकिलाचं दार ठोठावायचं टाळलं असेल?

आता त्या खटल्याबद्दल, जो या भिंतीला भेदून गेला. १४ डिसेंबर २०१२, कनेटिकट राज्यातलं न्यूटाउन, सँडी हूक प्राथमिक शाळा. वीस मुलं, सहा-सात वर्षांची, आणि सहा मोठी माणसं. पाच मिनिटांच्या आत १५४ गोळ्या. रायफल पुन्हा बुशमास्टरचीच, तोवर ती कंपनी रेमिंग्टनच्या छत्राखाली आली होती. बंदूक उद्योगाच्या राष्ट्रीय संघटनेचं मुख्यालय त्या वेळी न्यूटाउनमध्येच, शाळेपासून काही मैलांवर होतं.

२०१४ मध्ये मृतांपैकी नऊ जणांच्या कुटुंबांनी दावा लावला. रायफल कायदेशीररीत्या विकली गेली होती, मारेकऱ्याच्या आईनं ती घेतली होती. जुन्या पद्धतीनं दावा लावला असता तर पहिल्याच फेरीत तो संपला असता. वकिलांनी कायद्यातलाच एक अपवाद धरला. विक्री किंवा जाहिरात करताना कंपनीनं जाणूनबुजून दुसरा एखादा कायदा मोडला असेल तर अभय लागू होत नाही. कनेटिकटमध्ये अनुचित व्यापारी प्रथांविरुद्ध कायदा आहे. म्हणून बोट ठेवलं ते जाहिरातींवर. रायफलीचं चित्र आणि खाली मजकूर, तुमचं पुरुषपणाचं कार्ड तुम्हाला परत मिळालं समजा. दुसऱ्या जाहिरातीत विरोधकांनो, झुका, अशी ललकारी होती आणि एकटा गडी सगळ्यांना भारी पडतो असं चित्र होतं. लष्करासाठी घडवलेल्या शस्त्राच्या धाटणीची रायफल, आणि ती विकायची ती एकट्या, दुखावलेल्या, कमीपणाची भावना असलेल्या तरुणाच्या नेमक्या त्या दुखऱ्या जागेवर फुंकर घालून. ही जाहिरात लिहिणाऱ्याला आपलं गिऱ्हाईक कोण हे पक्कं कळत होतं, असं माझं मत आहे.

२०१६ मध्ये खालच्या न्यायालयानं दावा फेटाळला. मार्च २०१९ मध्ये कनेटिकटच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी तो जाहिरातीच्या मुद्द्यापुरता जिवंत केला. केंद्रीय सर्वोच्च न्यायालयानं हस्तक्षेप केला नाही. मग कागद मागवण्याची पाळी आली. रेमिंग्टनकडून आलेल्या ढिगात हजारो असंबद्ध कार्टून आणि छायाचित्रं असल्याची तक्रार कुटुंबांच्या वकिलांना न्यायालयापुढे करावी लागली. आणि २०२१ मध्ये कंपनीच्या वकिलांनी समन्स काढून मेलेल्या पाच मुलांची शाळेची दप्तरं मागितली. हजेरी, प्रगतिपुस्तक, शिस्तभंगाच्या नोंदी. पहिलीतल्या मुलांच्या शिस्तभंगाच्या नोंदी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान बाजूला ठेवून उठलो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये तडजोड झाली. ७ कोटी ३० लाख डॉलर, आणि ते दिले चार विमा कंपन्यांनी, कारण रेमिंग्टन तोवर दोनदा दिवाळखोरीत गेली होती. कुटुंबांनी पैशाइतकाच आग्रह धरला तो कंपनीचे अंतर्गत कागद जाहीर करण्याची मुभा मिळावी याचा, आणि ती त्यांनी मिळवली. जाहिरातीमुळेच ते हत्याकांड घडलं, हे कुठल्याही ज्यूरीसमोर सिद्ध झालेलं नाही, हे मला ठाऊक आहे. सिद्ध झालं नसतंही कदाचित. पण ते सिद्ध करायला उभं राहता यावं, एवढंच तर मागणं होतं. आणि तेवढ्यासाठी सात वर्षं लागली.

माझी भाची न्यू जर्सीत चौथीत आहे. तिच्या शाळेत दर महिन्याला आगीची तालीम असते, तशीच बंदूकवाला आला तर काय करायचं याचीही. दिवे बंद करायचे, खिडकीपासून दूर भिंतीला चिकटून बसायचं, अजिबात आवाज करायचा नाही. फोनवर तिनं मला विचारलं, मामा, तेव्हा शिंक आली तर काय करायचं? मला उत्तर सुचलं नाही. २०२० पासून अमेरिकेतल्या एक ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक हे आहे. २०२३ मध्ये सगळ्या वयांची मिळून सेहेचाळीस हजारांहून जास्त माणसं बंदुकीनं गेली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. शाळेतली हत्याकांडं त्या आकड्यात थोडीच. दायित्वाच्या कायद्यानं हे सगळं थांबेल असं मी म्हणत नाही. पण कुलूप, सुरक्षित रचना, दुकानदाराची निवड, जाहिरातीची भाषा या सगळ्या कंपनीच्या हातातल्या गोष्टी आहेत, आणि आत्महत्या करू पाहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती बापाचं पिस्तूल लागतं की नाही, याच्याशीही त्यांचा संबंध आहे.

दबाव आला की रचना बदलता येते, याचं ताजं उदाहरण ग्लॉक. नाण्याएवढा एक तुकडा बसवला की ग्लॉकचं साधं पिस्तूल मशीनगनसारखं गोळ्या ओकू लागतं. शिकागोनं मार्च २०२४ मध्ये कंपनीवर दावा लावला की हे माहीत असून तुम्ही रचना बदलत नाही. कॅलिफोर्नियानं २०२५ मध्ये अशी सहज बदलता येणारी पिस्तुलं विकण्यावर बंदी आणणारा कायदा केला. त्याच शरद ऋतूत ग्लॉकनं बरीच जुनी मॉडेलं थांबवून नवी मालिका जाहीर केली. कंपनीनं त्याला धंद्याचं धोरण म्हटलं. वर्षानुवर्षं जे धोरण सुचलं नाही ते तेव्हाच कसं सुचलं, याचा विचार वाचकानं करावा.

जिथं दबाव येतो तिथून उठून जाणं हाही एक मार्ग आहे, आणि तो घेतला जातो. मॅसॅच्युसेट्सनं काही प्रकारच्या रायफली बनवण्यावरच बंदीचा विचार सुरू केला तेव्हा स्मिथ अँड वेसननं २०२१ मध्ये जाहीर केलं की दीडशेहून अधिक वर्षांचं स्प्रिंगफिल्ड सोडून मुख्यालय टेनेसीला नेणार. साडेपाचशेच्या आसपास नोकऱ्या हलणार होत्या. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावात रेमिंग्टनचा कारखाना १८२८ पासून होता. तो मार्च २०२४ मध्ये बंद झाला आणि धंदा जॉर्जियाला गेला. गिरणगाव ज्यानं पाहिलं त्याला इलियनच्या त्या कामगारांचं दुःख समजावून सांगावं लागणार नाही. त्यांनी काही चूक केली नव्हती. राज्याराज्यांत कमी जबाबदारीचा बाजार भरला की बोली कामगारांच्या पोटावर लागते. टेनेसीत २७ मार्च २०२३ रोजी नॅशव्हिलच्या एका शाळेत तीन मुलं आणि तीन मोठी माणसं मारली गेली. हजारो आई-बाप विधिमंडळावर गेले. दोन महिन्यांच्या आत राज्यपालांनी ज्या विधेयकांवर सह्या केल्या, त्यांत एक बंदूक कंपन्यांना दाव्यांपासून आणखी संरक्षण देणारं होतं. त्याच ऑक्टोबरात स्मिथ अँड वेसनच्या नव्या मुख्यालयाचं उद्घाटन झालं.

न्यायालयाकडून फार आशा धरण्यात अर्थ नाही, हे मेक्सिकोच्या दाव्यानं दाखवून दिलं. मेक्सिकोत कायदेशीररीत्या बंदूक मिळणं अतिशय दुर्मीळ, तरी टोळ्यांकडे शस्त्रांचा सुकाळ, आणि त्यातली बरीचशी उत्तरेकडून आलेली. मेक्सिको सरकारनं २०२१ मध्ये अमेरिकन कंपन्यांवर दावा लावला. त्यात मेक्सिकन क्रांतीचे नेते एमिलियानो झपाटा यांचं नाव दिलेल्या, कोल्ट कंपनीच्या पिस्तुलाचाही उल्लेख होता. ५ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो नऊ विरुद्ध शून्य मतांनी फेटाळला. निकाल लिहिला उदारमतवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या न्यायमूर्ती एलेना केगन यांनी. कंपन्यांनी जाणीवपूर्वक तस्करीला साथ दिली असं दाव्यातून दिसत नाही, आणि असले दावे थांबवण्यासाठीच तर हा कायदा केला होता, असा त्यांचा रोख होता. मला तो निकाल दुखला, पण कायदा जसा लिहिला आहे तसा वाचला तर तो चुकीचा म्हणवत नाही. दोष वाचणाऱ्यांचा नाही. काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, लिहिलेलं काँग्रेसनंच पुसायला हवं. ते अभय मागे घेण्याची विधेयकं पुन्हा पुन्हा मांडली जातात आणि पुन्हा पुन्हा पडून राहतात. न्यूयॉर्कसारखी काही राज्यं अपवादाच्या फटीतून आपापले कायदे करत आहेत, ते ठीकच. पण ती फट आहे, दरवाजा नव्हे.

टेक्सासमधल्या युवाल्डे गावी २४ मे २०२२ रोजी एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. रायफल डॅनियल डिफेन्स या कंपनीची होती. मारेकऱ्याला अठरावं वर्ष लागलं १६ मे रोजी, आणि रायफल त्यानं ऑनलाइन मागवली. त्याच १६ मे रोजी कंपनीनं समाजमाध्यमावर एक चित्र टाकलं होतं. मांडी घालून बसलेलं लहान मूल, मांडीवर रायफल, आणि वर बायबलमधलं वचन, मुलाला योग्य मार्गाचं वळण लाव. मुलांच्या आई-बापांनी कंपनीवर दावा लावला आहे. त्यांना त्या कंपनीच्या माणसांना शपथेवर बसवून विचारायचं आहे की हे चित्र कुणी निवडलं, कुणासाठी निवडलं, आणि कुणाच्या हाती ते पडेल असं तुम्हाला वाटलं होतं.